कांदा झोंबत नाही

दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी खोचून सविता खुर्चीत बसली होती. "पाच मिनिटं, मावशी. डोळे अलगद मिटा आणि शांत बसा," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावलं. शांत बसा म्हणे! पापणीत कागद खोचलाय आणि शांत बसा. पट्टी डोळ्याच्या कडेला टोचत होती, आणि एवढं टोचल्यावर कुणाच्याही डोळ्यांना पाणी आलं असतं. त्यासाठीच तर ती घातली होती. डोळ्याला किती पाणी येतं ते मोजायचं, एवढंच त्या पट्टीचं काम. सविता मिटल्या डोळ्यांनी पाण्याची वाट बघत होती. बाहेर लोणावळ्याच्या बाजारात श्रावण ठिबकत होता. तीन आठवडे झाले, गावात काही म्हणून वाळत नव्हतं. दोरीवरचे परकर कुबट झालेले, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं, काडेपेटीतल्या दहा काड्यांत एखादी पेटणार, सृष्टीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, भिंतीला हात लावावा तर हात ओला. सगळ्या गावाला पाण्यानं नको नको करून सोडलेलं, आणि त्यात ही एकटी बाई कोरडी ठणठणीत! तिचं तिलाच हसू आलं. हसल्यावर ओठ तडकला. तोही कोरडाच होता.

खरं तर ह्या कोरडेपणाचं आजवर कौतुकच झालं होतं. कार्ले फाट्यावर कादरभाईंचं भज्यांचं हॉटेल होतं. पत्र्याचं, चार बाकड्यांचं, पण शनिवार-रविवारी लेणी बघायला आलेल्यांची अशी झुंबड की विचारू नका. तिथं सविता बारा वर्षं कांदा चिरत होती. तिच्या आधीच्या बाया दोन दिवस नाक-डोळे पुसत चिरायच्या आणि तिसऱ्या दिवशी गायब व्हायच्या. सविता बसली की पोतं संपवूनच उठायची. वरची साल काढायची, सालीखालचा तो पातळ, ओला, बोटाला चिकटणारा पापुद्रा नखानं ओढून टाकायची आणि मग उभा काप, फार बारीक नको, जाडही नको. डोळ्यांत पाणी? नाव नको. "आमच्या सविताताईंना कांदा झोंबत नाही," कादरभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, जसं काही ती करामत त्यांनीच तिला शिकवली होती. कॉलेजची पोरं मुद्दाम बघायला यायची, मोबाईलवर तिचं शूटिंग करायची. तिलाही बरं वाटायचं. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच, तिचा कांद्यावर होता. आणि मग ह्या मंगळवारी मिरच्या चिरता चिरता तिचा हात डोळ्याला लागला. नुसती आग आग झाली, डोळा लालबुंद झाला, ती मटकन खाली बसली. कादरभाई तांब्या घेऊन धावले, डोळ्यावर पाणी मारलं, आणि मग तिच्या तोंडाकडे बघत तसेच उभे राहिले.

"ताई, मिरची गेली डोळ्यात. पाणी कुठाय?"

"मारलंत की आत्ता."

"मी मारलं ते सोडा हो. तुमचं कुठाय?"

म्हातारा घाबरला होता. बारा वर्षं ज्याची टिमकी वाजवली तेच बघून घाबरला होता. तिथल्या तिथं त्यांनी भाचीला फोन लावला. भाची म्हणजे ह्याच डॉक्टरीणबाई, शहिस्ता. पुण्याला डोळ्यांचं शिकून आलेल्या, बाजारात नवा दवाखाना टाकलेल्या.

तुमचं कुठाय. हा प्रश्न सविताला नवा नव्हता, शब्द तेवढे वेगळे होते. मार्गशीर्षात आई गेली तेव्हा हाच प्रश्न माहेरच्या अंगणात पन्नास बायांच्या तोंडावर होता. फोन आला तेव्हा ती कांद्यावरच होती, तशाच वास मारणाऱ्या हातांनी माहेर, परंदवडी, गाठलं. आईला अंगणात ठेवलेलं, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या. लेक आली, लेक आली, करत त्यांनी वाट दिली. आणि लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही! छातीत मावत नव्हतं, पण वर डोळ्यापर्यंत काही येईना. रडायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली. तिला आई म्हणून हाक मारायची होती. तोंडातून निघालं, "पाणी द्या." रडणाऱ्या बाया एकदम गप्प झाल्या. वहिनीनं आतून तांब्या आणला, तिच्या हातात आदळला आणि चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आई दारात पडलीया आन् हिला तहान लागलीया!" हनुमंतानं, तिच्या पाठच्या भावानं, एकदाच मान वर करून बहिणीकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. दहाव्याला तिनं लोकलाजेस्तव डोळ्याला पदर लावला, तर पदर कोरडाच हेही बायांनी टिपलं. तेव्हापासून भावाचा फोन नाही. आणि यंदा पंचमीला मुराळी आला नाही. लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं हनुमंता नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीला न्यायला यायचा, आधी एसटीनं, मग मोटारसायकलवर. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता तर मित्राच्या मागे बसून आला, पण आला. यंदा पंचमी आली आणि गेली. सविता दोन दिवस दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती, तांदळात खडा नव्हता तरी.

आणि खरी बोच तर त्याहून जुनी होती, ती तिनं कुणालाच दाखवली नव्हती. भाऊ रागावला ह्याचं तिला नवल नव्हतंच, कारण नेमका तोच राग तिनं स्वतः चोवीस वर्षं आईवर धरला होता. तिच्या पाठवणीला सगळी आळी रडली. बाप, ज्याला कधी कुणी हळवा म्हणालं नसेल, तो टोपीनं तोंड पुसत गोठ्याकडे निघून गेला. शेजारची म्हातारी, जिचा आणि सविताचा दोन पैशांचा संबंध नव्हता, तीसुद्धा रडली. आणि सरुबाई, जन्म देणारी आई, लख्ख कोरड्या डोळ्यांनी जीपपाशी उभी राहिली, लेकीचा पदर नीट केला आणि म्हणाली, "पोचल्यावर जेवून घे." एवढंच. घाट दिसेपर्यंत सविता त्या जीपमध्ये रडत होती, तेव्हा येत होतं तिला पाणी, भरपूर येत होतं, आणि रडता रडता तिनं मनाशी ठरवलं होतं की आपण काय वाटेल ते होऊ, पण आईसारखं दगड होणार नाही. पुढं दर पंचमीला ती गेली, आईच्या हातची पुरणाची दिंडं खाल्ली, हसली, बोलली. पण आईच्या मांडीवर डोकं म्हणून कधी ठेवलं नाही. आईनंही कधी ओढून घेतलं नाही. आणि शेवटी काय झालं? जे होणार नाही म्हणत होती तेच झालं, काळजाचा दगड झाला, आणि तोही आईच्याच मौतीला सगळ्या गावानं बघितला. देवा रे, तिला वाटलं, निदान आता तरी येऊ दे, ह्या कागदापुरतं तरी.

घड्याळ वाजलं. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या अलगद काढल्या, दिव्याखाली धरल्या. पट्टीवर बारीक रेघांचे आकडे छापलेले होते आणि ओल चढेल तशी निळी रेघ पुढं सरकायची होती. ती सरकलीच नव्हती म्हणा ना.

"ह्या डोळ्यात दोन. आणि ह्यात तीन."

"किती पाहिजे?"

"दहा-पंधराच्या पुढं तरी."

नापास, सविता मनात म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढं ओढलं आणि आपलं बोट सविताच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली टेकवलं. "इथं आत, हाडाच्या खोबणीत, बदामाएवढी एक ग्रंथी असते."

"गाठ आहे?" सविताच्या काळजाचं पाणी झालं.

"गाठ नाही हो, ग्रंथी. सगळ्यांना असते, मलाही आहे. डोळ्याचं पाणी तीच करते. तशा तोंडात लाळेच्या असतात, कानाखाली, जबड्याखाली. त्या पाझरतात म्हणून डोळ्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा टिकतो, तोंडाचं अस्तर ओलं राहतं. तुमच्या ह्या ग्रंथी सुकत चालल्यात, मावशी. अंगातले राखणदार कधी कधी घरच्यांनाच चोर समजून बडवत सुटतात, तसलं काहीतरी दिसतंय. रक्त तपासू, पुण्याला दाखवू, मग नक्की नाव कळेल. जन्माचं दुखणं आहे, पण सांभाळता येतं. थेंब आहेत, औषधं आहेत. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक भोकातून नाकात उतरतं तिथं छोटं बूच बसवता येतं, म्हणजे आहे तेवढं तरी आत थांबेल."

पापुद्रा. बारा वर्षं रोज शेकड्यानं नखानं ओढून फेकलेला पापुद्रा सविताच्या बोटांना आठवला. डोळ्यावरही तो असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कशाला सांगेल म्हणा.

"म्हणजे बाई, मला रडू येत नाही ते..."

"रडता तुम्ही," कागदावर लिहिता लिहिताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी येत नाही, एवढंच. घरात आणखी कुणाला होतं का असं? आईला, मावशीला?"

नाही म्हणायला सवितानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आई जेवायला बसायची तेव्हा ताटाच्या उजव्या हाताला तांब्या. घास, घोट, घास, घोट. बाप थट्टा करायचा, सरुबाईला भाकरीसंगं विहीर वाढा म्हणून. आई गोधडी शिवायला बसायची तेव्हा शेजारी पाण्याची वाटी. सुईत दोरा ओवायला बाया टोक तोंडात ओलं करतात, आई वाटीत बुडवायची, आणि वाटी लवंडली की हाक मारायची, "सवे, दोरा वला करून दी गं." सविता पळत यायची, दोऱ्याचं टोक जिभेवर फिरवून द्यायची. पाच-सहा वर्षांची असेल. तिला वाटायचं आई लाडानं देते. गोधडीतला किती तरी दोरा तिच्या थुंकीनं ओला झालेला होता, आणि आईच्या तोंडात एका दोऱ्यापुरतीही ओल नव्हती! आणि मग पाठवणी. जीप. पदर नीट करणारी ती बोटं. ती थरथरत होती का? होती. चोवीस वर्षं तिनं आईचे डोळे तेवढे आठवले होते, बोटं आठवलीच नव्हती.

"आईला होतं," ती म्हणाली. "असंच होतं."

"असू शकेल. आता त्यांना तपासता येणार नाही, त्यामुळं ठाम नाही सांगत मी. पण असू शकेल."

सवितानं त्या दोन पट्ट्या मागून घेतल्या. डॉक्टरीणबाई हसल्या, टाकून द्यायच्या असतात म्हणाल्या, पण एका पाकिटात घालून दिल्या. थेंबांची बाटली दिली. वर बघायचं, पापणी खाली ओढायची, एक थेंब. एसटी स्टँडवर सवितानं स्वतः टाकून बघितला तर पापणी आधीच मिटली आणि थेंब नाकावर. तिनं कादरभाईंना फोन केला. कांदा झोंबत नाही ना, तो रोग निघाला, म्हणाली. पलीकडं कढईचा आवाज आला. मग, "माफ करा ताई. मी बारा वर्षं लोकांना तमाशा दाखवत बसलो." "अहो, तुम्हीच तर बघितलंत," ती म्हणाली, "बाकी कुणी बघितलं?" घरी जायची बस लागली होती. ती चढली नाही. जुन्या हायवेनं सोमाटण्याला, परंदवडीच्या बाजूला, जाणारी गाडी आली, त्यात चढली. मुराळ्याशिवाय माहेरी निघाली, तेही पंचमी उलटून गेल्यावर. फार तर हाकलून देतील, आणखी काय करतील? असं म्हणायला सोपं होतं. कार्ल्याची खाचरं मागे पडत होती आणि ती पाकिटातल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा चाचपत होती.

घराकडं न जाता ती सरळ शेताकडं वळली. इंद्रायणी भात लोंब्या पोटात धरून पोटरीला आला होता, खाचरं काठोकाठ भरलेली. एका ठिकाणी बांध फुटून पाणी खालच्या खाचरात पळत होतं आणि हनुमंता गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्यानं ते तोंड बुजवत होता. बहीण दिसल्यावर त्याचं फावडं थांबलं.

"आलीस?"

"आले."

"कशी?"

"गाडीनं. मुराळी न्हवता." माहेरच्या मातीवर पाय ठेवला की तिची बोली आपोआप बदलायची.

त्यानं मान खाली घातली, चिखलाचा एक गोळा बांधावर टाकला, पायानं दाबला. सवितानं पाकिटातून पट्ट्या काढून हातावर धरल्या.

"ह्ये काय?"

"माज्या डोळ्याचं पानी. पाच मिन्टाचं."

तो वाकला, बघितलं, पुन्हा बघितलं. "कोरडं हाय की."

"व्हय. तेवढंच येतं." मग तिनं सगळं सांगितलं, भरभर, मधे थांबली तर पुढं बोलता यायचं नाही म्हणून, भुवईखालचा बदाम, लाळ, राखणदार, नाकात उतरणारं पाणी आणि त्याला बसवायचं बूच. हनुमंतानं एकदा बांधाच्या बुजवलेल्या तोंडाकडं बघितलं आणि मान डोलावली. एवढं त्याला लगेच कळलं होतं. "हनुमंता, आन् आईलाबी ह्येच हुतं. मी तिला दगड म्हनत आले रं. चोवीस वर्सं."

हनुमंता बांधावर बसला. पाण्याकडं बघतच बोलला, "तू गेलीस ना सासरी, त्यानंतर तीन दिस आईच्या डोळ्यात वाळू गेलती."

"वाळू?"

"वाळू गेलीया म्हनायची. डोळं उघडंनात. मी फुकर मारून दमलो, वाळू कुटं दिसंना. वल्ला फडका डोळ्यावं घेऊन पडायची, आन् हूं हूं करायची. आजी म्हनली, सोंग करतीया, काम नको म्हून. बा गेला तवाबी तसंच, आठ दिस. मला वाटायचं हिच्याच डोळ्यात बरी सारखी वाळू जाती." तो थांबला. "आक्का, वाळू न्हवती ती."

"न्हाई," सविता म्हणाली. तिच्याही डोळ्यांत आत्ता वाळू होती, खचाखच. मार्गशीर्षापासून होती.

"तुला टोचतंय का?"

तिनं नुसती मान हलवली आणि बाटली पुढं केली. "मला टाकता येत न्हाई. पापनी मिटती."

हनुमंतानं प्यायच्या पाण्याच्या बाटलीनं कोपरापर्यंत हात धुतले, सदऱ्याला पुसले, पुन्हा धुतले. उठून बहिणीपुढं उभा राहिला. आयुष्यभर नांगर, फावडं आणि कंपनीतलं मशीन धरलेल्या त्या हाताला थेंबांची एवढीशी बाटली धरवत नव्हती. "वर बघ," तो म्हणाला. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कपाळावर. "हलू नगंस ना गं!" "तूच हलतोयस!" आणि दोघांनाही हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. मग त्यानं अंगठ्यानं पापणी खाली ओढली आणि बेतानं एक, आणि खात्री नको का म्हणून आणखी दोन थेंब सोडले. दुसऱ्या डोळ्यातही तसेच. गार वाटलं. वर ढग होते आणि ते पहिल्यांदाच काचेतून दिसावेत तसे स्वच्छ दिसत होते. जास्तीचं औषध दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळलं.

तेवढ्यात नवऱ्याची भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन वहिनी बांधावरून आली आणि जागीच थबकली. नणंद तोंड वर करून उभी, गाल ओलेचिंब. भाकरीचं फडकं तिनं तसंच चिखलात टेकवलं, तांब्याही.

"अगंबाई, आक्का! आवं, काय बोल्लात तिला? म्हैन्याम्हैन्यानं आली आन् बांधावरच रडवलीत व्हय?"

सविता खरं सांगायला वळली. हनुमंतानं बाटली मुठीत झाकली आणि हळूच मान हलवली. "रडू दी तिला," तो म्हणाला. "लय दिसांचं हाय."

वहिनी पुढं आली. तिचे स्वतःचे डोळे भरले होते, तिला काय, भरायचे सहज. तिनं आपल्या पदरानं सविताचा एक गाल पुसला, दुसरा पुसला. ओल्या पदराकडं बघितलं. मग खाली वाकून तांब्या उचलला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

"घ्या, आक्का. घसा कोरडा पडला आसंल."

सवितानं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच.